जीबी म्हणजे काय तांदूळ आहे?

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाला १२ जीबी मेमरी, नव्या ४०६० ला ८च. मग जुनंच भारी ना?" अरे, जीबी म्हणजे काय तांदूळ आहे, जास्त भरला की झालं? मेमरीची बस, म्हणजे डेटा जायचा रस्ता, १९२ बिटवरून १२८ वर आली, खरंय. पण एल२ कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी, ३ एमबीवरून थेट २४ वर गेलीय, वीजही १७० ऐवजी ११५ वॅट. १०८०पी (फुल एचडी) ला बहुतेक गेममध्ये नवंच पुढे. हां, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला अवजड सीन असेल तर ते १२ जीबी कामाला येतात, कबूल. म्हणून विचारावं, "करणार काय आहेस?" तर म्हणे, "व्हॅलोरंट." एवढा हलका गेम! कुठे डोकं आपटू? आणि तासभर माझं डोकं खाऊन घेणार शेवटी तेच, जे दुकानदार गळ्यात मारेल!