वरचा शब्द आधी की खालचा?

पुन्हा तेच! एन्कोडरचा (शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरचा) शाफ्ट नखभर फिरवला आणि पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, स्क्रीनवर आकडा थेट 65,536 नी उडाला. आता सवय झालीय, पण राग काही जात नाही.

पोझिशन 32 बिटची, आणि हे दोघं ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबसचं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) 16 बिटचं. आकड्याचे दोन तुकडे, म्हणजे दोन 'शब्द', होणारच. पण वरचा तुकडा आधी पाठवायचा की खालचा, हे मॉडबसनं ठरवलेलंच नाही. ज्याला जसं सुचेल तसं! मॅन्युअलमध्ये बोल्ट किती आवळायचा हे दशांशापर्यंत दिलंय, या क्रमाबद्दल मात्र अवाक्षर नाही. वर रजिस्टरच्या पत्त्यांचा घोळ आहेच: कागदावर 40001, कंट्रोलरला हवा 0. एक घर चुकलं की बसा शेजारच्या रजिस्टरचा डेटा वाचत.

त्यात कुणीतरी हमखास विचारणार, "केबल बदलून बघितली का?" बघितली हो! दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर आहेत, शील्ड अर्थ केलंय, सीआरसीची (डेटा वाटेत बिघडला का, या तपासणीची) एक चूक नाही. डेटा धडधाकट पोहोचतोय, फक्त खाली डोकं वर पाय.

शेवटी दोन शब्दांची अदलाबदल केली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ. आणि तिच्यापायी अख्खी दुपार गेली.