तीन गोळ्या झाडून ‘खरा वेग’ कळतो का?

नेमबाजांमध्ये सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा: रडारवर चालणारा नवा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे उपकरण) घ्या, तीन गोळ्या झाडा, की काडतुसाचा खरा वेग कळतो, तो पेटीवर छापलेल्या वेगाशी जुळला नाही, तर माल निकृष्ट समजा, प्रकाशावर चालणारे जुने क्रोनोग्राफ टाकून द्या, आणि एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतची वेगातली तफावत कमी केली की गुण आपोआप वाढतात. यातल्या प्रत्येक विधानात थोडेफार तथ्य आहे, म्हणूनच ते चटकन पटते. मात्र त्यावर विसंबून अनेक जण चांगली काडतुसे नाकारतात आणि चालू स्थितीतली उपकरणे मोडीत काढतात, हे पाहून खेद वाटतो.

प्रथम पेटीवरचा आकडा घेऊ. तो उत्पादकाने चाचणीसाठी ठेवलेल्या बंदुकीच्या नळीतून गोळी झाडून मोजलेला असतो. रायफलच्या काडतुसांसाठी ही नळी बहुधा ६०० मिलिमीटरच्या आसपास लांबीची असते आणि तिची आतली मापे काटेकोर ठेवलेली असतात. मध्यम ताकदीच्या काडतुसात नळी एक इंचाने आखूड झाली की वेग साधारणपणे सेकंदाला ६ ते १० मीटरने घटतो; म्हणजे ५०० मिलिमीटरच्या नळीतून तेच काडतूस २५ ते ४० मीटरने मंद निघाले, तर त्यात काडतुसाचा काहीच दोष नाही. शिवाय छापलेला वेग सहसा नळीच्या तोंडाशी असलेला वेग असतो, तर प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ तोंडापासून तीन-चार मीटरवर मांडलेला असतो आणि तेवढ्या अंतरात हवेच्या अवरोधाने रायफलची गोळी सेकंदाला दोन-चार मीटर वेग गमावते. काडतुसातली स्फोटक दारू उन्हात तापली किंवा थंडीत गारठली, तर आकडा आणखी सरकतो. पेटीशी तुलना करायचीच असेल, तर नळीची लांबी, तापमान आणि मोजणीचे अंतर या तिन्ही गोष्टी आकड्याशेजारी लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

‘तीन गोळ्या पुरेत’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. तीन गोळ्यांतून ढोबळ सरासरी मिळते हे खरे, पण त्यांवरून वेगातली तफावत ठरवता येत नाही. समजा, तीन गोळ्यांचे वेग सेकंदाला ७९६, ८०० आणि ८०४ मीटर आले. सरासरी ८०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) ४; पाहणारा खूश होतो. परंतु संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने याचा अर्थ एवढाच होतो की, त्या काडतुसांचे मूळ प्रमाण विचलन सुमारे २ ते २५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणजे उत्कृष्ट काडतूस आणि अगदी सुमार काडतूस, दोन्ही त्या तीन आकड्यांत बसतात. दहा गोळ्या झाडून विचलन ४ आले, तर हीच मर्यादा साधारण २.८ ते ७.३ अशी आवळते आणि वीस गोळ्यांनंतर ती ३ ते ५.८ होते. विसांनंतरही ती चांगलीच रुंद असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन प्रकारच्या काडतुसांची ४ विरुद्ध ५ अशी तुलना करून एकाला विजयी ठरवण्यात किती घाई आहे, ते कळते. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळी यांच्यातल्या फरकाचेही तसेच आहे: काडतुसे तीच असली, तरी तीन गोळ्यांत हा फरक सरासरीने विचलनाच्या १.७ पट दिसतो आणि दहा गोळ्यांत ३.१ पट. त्यामुळे एकाने तीन आणि दुसऱ्याने दहा गोळ्या झाडून काढलेले हे फरक एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत.

रडार चुकत नाही, हेही खरे नाही. रडार गोळीवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतला बदल मोजते; २४ गिगाहर्ट्झचे रडार असेल, तर सेकंदाला ८०० मीटर वेगाने दूर जाणाऱ्या गोळीमुळे हा बदल सुमारे १२८ किलोहर्ट्झ भरतो. त्यावरून मिळतो तो रडारच्या दिशेतला वेग; गोळीची वाट त्या दिशेशी ५ अंशांचा कोन करत असेल, तर वेग ०.४ टक्क्याने, म्हणजे ८०० मध्ये सुमारे तीन मीटरने कमी दिसतो. उपकरण हा फरक हिशेबात धरते, पण ते सांगितलेल्या जागी आणि सांगितलेल्या दिशेला ठेवले असेल तरच. उपकरणात वेगाचा चुकीचा टप्पा निवडला, तर गोळी नोंदलीच जात नाही, आणि लहान पेलेटवरून (एअर रायफलच्या छोट्या गोळीवरून) परतणारा संकेत क्षीण असल्यामुळे तिचा माग थोड्याच अंतरापर्यंत लागतो. तरीही मांडणी सोपी आणि मोजणीसाठी नळीपुढे जाण्याची गरज नाही, हे रडारचे मोठे गुण आहेत. उघड्या मैदानावर रायफल वापरणाऱ्याला मीही तेच सुचवेन.

पण म्हणून प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ टाकाऊ ठरत नाही. दोन सेन्सरांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर ८०० मीटरच्या वेगाने गोळी ते ७५० मायक्रोसेकंदांत कापते. अंतरात एका मिलिमीटरची चूक असली, तरी वेगात फरक पडतो सव्वा-दीड मीटरचाच. मात्र हेच अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर फरक दुप्पट होतो. म्हणून निवडताना सेन्सरांमधले अंतर आणि सांगाड्याचा ताठपणा आधी पाहावा. बंद रेंजमध्ये लुकलुकणाऱ्या दिव्यांनी सेन्सर फसतो. तिथे स्वतःचे अवरक्त दिवे असलेला क्रोनोग्राफ लागतो. उपकरण नळीच्या फार जवळ ठेवले, तर गोळीआधी पोहोचलेल्या वायूने पहिला सेन्सर चाळवतो, काळ लांबतो आणि वेग खोटाच कमी दिसतो. आणखी एक धोका नवख्यांना ठाऊक नसतो. दुर्बिणीची दृष्टिरेषा नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. त्यामुळे दुर्बिणीतून उपकरणावरची वाट मोकळी दिसते आणि गोळी मात्र उपकरणाच्याच खालच्या भागात घुसते. यासाठी बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून नळीतूनच पाहून उंची जुळवावी, आणि मांडणीसाठी पुढे जायचे ते रेंजवरचा गोळीबार पूर्ण थांबल्यावरच.

नळीच्या तोंडाला बांधायचे विद्युतचुंबकीय क्रोनोग्राफही वेग चांगला मोजतात, पण त्यांच्या वजनाने नळीचे कंपन बदलते; वेगासाठी झाडलेल्या त्या गोळ्यांवरून समूहाची, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात याची, परीक्षा करू नये.

शेवटी गुणांचा प्रश्न. त्याचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये १७५ मीटरच्या वेगात दोन मीटरचा फरक पडला, तर पेलेट सुमारे ०.४ मिलिमीटर वर-खाली जाते, म्हणजे ०.१ गुणाच्या दोन पायऱ्यांहून कमी. ५० मीटरवर .२२ (इंचात व्यास) च्या गोळीच्या ३२५ मीटर वेगात दहा मीटरचा फरक सात-आठ मिलिमीटरचा होतो, आणि तिथे लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे. ६०० मीटरवर तर रायफलच्या गोळीच्या वेगातला एक टक्का फरक आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या नेमबाजाने तफावत कमी करण्यासाठी वीस-वीस गोळ्या खर्च करणे योग्य आहे. १० मीटरवाल्याने मात्र क्रोनोग्राफ मुख्यतः आपल्या रायफलचा दाब हळूहळू उतरतो आहे का, हे पाहण्यासाठी वापरावा आणि उरलेला वेळ ट्रिगरच्या सरावाला द्यावा.