मेडिकलमध्ये मुलगा पाहिजे, पगार कामानुसार

शेठ, तुमच्या शटरशेजारी तो बोर्ड पुन्हा लागलाय. 'मेडिकलसाठी मुलगा पाहिजे. अनुभवी. पगार कामानुसार.' एकट्या तुमच्याच दुकानावर आहे असं नाही. ठाण्याच्या नौपाड्यातून घोडबंदर रोडला या, नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मधून खारघरला जा, हा बोर्ड वाटेत भेटतोच. मुलं टिकत नाहीत ही तुमची तक्रार रास्त आहे. टिकली तर पगार वाढवावा लागेल ही भीतीही रास्त आहे. दोन्ही सांभाळून धंदा कसा करावा, याबद्दल थोड्या सूचना देतो. निमित्त म्हणाल, तर परवा तुमच्या काउंटरवरच्या मुलाच्या हातात पडलेलं पगाराचं पाकीट. पाकीट कसलं, गोळ्या घालायची खाकी पुडी. मागे ॲसिडिटीच्या औषधाची जाहिरात आणि पुढे बॉलपेनने हिशेब: १२,००० वजा १,२०० एक्सपायरी, १०,८०० फक्त.

पहिलं म्हणजे बोर्डावर आकडा लिहायचा नाही. 'कामानुसार' हा शब्द फार गुणी आहे. मुलगा आत आला की आधी त्यालाच विचारा, "अगोदर किती मिळत होते?" तो सांगेल त्यात पाचशे घाला आणि चेहरा असा करा, की स्वतःच्या ताटातली पोळी उचलून त्याला दिली. तो बदलापूरहून किंवा टिटवाळ्याहून येणार असेल तर पासाचा विषय काढू नका. नवी मुंबईतून ठाण्यात येणार असेल तर ट्रान्स हार्बर लोकलचं कौतुक करा. "शिकायला खूप मिळेल" हे वाक्य मुलाखतीत दोनदा आलं पाहिजे.

वेळ सकाळी दहा ते रात्री दहा. रविवारी 'फक्त अर्धा दिवस'. २६ दिवसांचे ३१२ तास, वर चार रविवारांचे पाच-पाच तास, एकूण ३३२. बारा हजारांना भागलं की तासाला ३६ रुपये. हा भागाकार त्याच्यासमोर करू नका. कॅल्क्युलेटर काउंटरवरच पडलेला असतो, पण गिऱ्हाइकाच्या सवलतीचे टक्के काढण्यातून त्याला उसंत मिळता कामा नये. जादा वेळेचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात असं कुणी बोललंच, तर "आपण काय परके आहोत का?" म्हणा. घरच्या माणसाला कुठे ओव्हरटाइम असतो?

काउंटरमागे स्टूल ठेवू नका.

आता मुख्य कलम, त्याला अकुशल ठरवण्याचं. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन रकाने असतात. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत येतात, म्हणून पहिलं परिमंडळ, म्हणजे सगळ्यात वरचे दर. त्यात विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. दुकानात एकच नोकर असला तरी किमान वेतन लागतंच. दहा माणसांची अट वेगळ्या कायद्यातली, २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातली होती, आणि २०२५ मध्ये तीही वीसवर गेली. या दोहोंची गल्लत करून "आपल्याकडे दहा माणसं नाहीत, आपल्याला काही लागू नाही" असं म्हणायची बाजारात जुनी पद्धत आहे. तुम्हीही तसंच म्हणा. रजिस्टरवर तक्त्यातला आकडा, पुडीत तुमचा. कागदाच्या बाबतीत फारच काटेकोर असाल तर बँकेत पूर्ण रक्कम टाका आणि फरक दुसऱ्या दिवशी रोखीत परत मागा.

हा अकुशल हेल्पर दिवसभर काय करतो? डॉक्टरांच्या अक्षरातून थायरॉक्सिन २५ की ७५ हे काढतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन साधी की एसआर, म्हणजे सावकाश विरघळणारी, हे विचारून घेतो. मिथोट्रेक्सेटच्या पुडीवर वार लिहितो, कारण संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. गिऱ्हाइकाला सहाच गोळ्या हव्या असतात तेव्हा बॅच आणि एक्सपायरीची बाजू दुकानात राहील अशी कात्री लावतो. उलट्या बाजूने कापली तर डब्यात उरलेल्या चार गोळ्या कुठल्या आणि कधीपर्यंतच्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतो, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवत नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे कडक नियमांच्या यादीतल्या औषधांच्या, रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध, नग अशी नोंद करतो, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपतो. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा रॅकमधला सगळा जुना माल जुनी एमआरपी छापलेलाच होता. तो नव्या दराने बिलात बसवायला शटर पाडून कोण थांबलं होतं? तुम्ही तर साडेनऊलाच निघाला होतात.

तर असा हा अकुशल.

त्याला कुशल म्हणून दाखवण्यात एक अडचण आहे, हे मान्य. कुशल म्हटलं की तो नेमकं कोणतं कुशल काम करतो हे सांगावं लागणार, आणि चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. फार्मासिस्ट तुमच्याकडे आहेच म्हणा. भिंतीवर, फ्रेममध्ये. सर्टिफिकेट ठाण्यात, माणूस नाशिकला. फ्रेमचे पैसे दर महिन्याला न चुकता जातात. फ्रेम डबा खायला बसत नाही, गावी जत्रेला जायची रजा मागत नाही. तिच्यावरची धूळ हाच मुलगा पुसतो. (ज्यांच्याकडे फार्मासिस्ट खरोखर काउंटरला उभा असतो, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांच्याकडे बोर्डही सारखे लागत नाहीत.)

या व्यवस्थेचा मोठा फायदा म्हणजे मुलाला अनुभवाचं पत्र देता येत नाही. 'आठ वर्षं काउंटरवर औषधं दिली' असं लेटरहेडवर लिहिलंत तर तो तुमचाच कबुलीजबाब. त्यामुळे आठ वर्षांनी कोपरखैरण्याच्या दुकानात तो पुन्हा नवाच, पुन्हा "अगोदर किती मिळत होते?" फारच कटकट करायला लागला तर "डी. फार्म. कर ना", म्हणजे फार्मासिस्टची पदविका घे, असा वडीलकीचा सल्ला द्या. त्याला बारावी सायन्स लागतं आणि याने कॉमर्स केलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि वर ५०० तासांचं प्रशिक्षण. ५०० तास म्हणजे तुमच्याकडचा दीड महिना.

त्याला खरेदी मात्र शिकवू नका. रॅक लावणारा रस्त्यावर मिळतो. ऑर्डर काढणारा, स्टॉकिस्टशी, म्हणजे घाऊक विक्रेत्याशी, रेट बोलणारा, बिलाची एंट्री बॅचसकट बिनचूक करणारा आणि एक्सपायरीचा क्लेम वसूल करणारा मिळत नाही. पगार वाढतो तो इथे. मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करणारा, साखळी दुकानात पीएफच्या यादीत नाव असणारा, हे दोघेही हातात फार घेऊन जातात असं नाही, पण त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी असते. ती दाखवून पुढच्या ठिकाणी घासाघीस करता येते. तुमच्याकडे पुडी आहे.

घरपोच सेवा फुकट ठेवा आणि पेट्रोल त्याचं.

'सर्व औषधांवर २० टक्के सूट' असा फलक लावा. किंमत नियंत्रणातल्या औषधांच्या सूत्रात किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलेलं आहे, बाकीच्यांवर साधारण वीस. मग वीस टक्के सूट देऊन भाडं, वीज आणि पगार कुठून येतो, असं गिऱ्हाईक विचारत नाही. जेनेरिकवर छापलेल्या किमतीत आणि खरेदीत मोठी दरी असते, तिथून काही येतो. राहिलेला ३६ रुपये तासातून. चाळीस मजली टॉवरमधून फोन करून "तो दुसरा बावीस टक्के देतो" म्हणणाऱ्यांनीही हे वाचलं तर हरकत नाही.

दिवाळीला कंपनीच्या स्कीमचा मिक्सर घरी न्या आणि मुलाला पाव किलो सोनपापडी द्या.

आणि आता एक्सपायरी. तुमची प्रतिभा इथे खरी फुलते. १२० रुपये एमआरपीची स्ट्रिप घेऊ. वीस टक्के मार्जिन सोडून जीएसटीसकट दुकानात पडते ९६ ला. स्टॉकिस्टचा माणूस दहावर एक फुकटची स्कीम घेऊन आला आणि तुम्ही पन्नासवर पाच उचलल्यात, म्हणजे स्ट्रिपमागे पडले ८७ रुपये आणि काही पैसे. छान सौदा. दुकानाचा या मालाचा खप महिन्याला तीन स्ट्रिपा. मुदत उरली होती पंधरा महिने. पंधरा त्रिक पंचेचाळीस. पंचावन्नातून उरल्या दहा. म्हणजे बिलावर सही केलीत त्याच क्षणी त्या दहा स्ट्रिपा मेलेल्या होत्या. हा हिशेब चौथीच्या पोराला येतो. मुलाने काय करायचं होतं? आधी संपणारी बॅच पुढे लावायची, ती त्याने लावली होती. महिन्याच्या महिन्याला यादी काढायची, काढली होती. तीन महिने आधी माल बाजूला काढून मालकाला दाखवायचा, तोही दाखवला. तुम्ही काय म्हणालात? "जाईल रे, ठेव."

नाही गेला. मग दहा स्ट्रिपांचे १,२०० कापलेत. एमआरपीने! तुमची खरेदी ८७३ ची. म्हणजे मुदत संपलेल्या मालावर ३२७ रुपये नफा, तोही स्वतःच्या नोकराकडून. आणि त्या स्ट्रिपा गेल्या कुठे? खोक्यात भरून स्टॉकिस्टकडे. परत घ्यायची मुदत अजून होती. क्रेडिट नोट, म्हणजे पैसे वळते केल्याचा कागद, येईल, उशिरा येईल, थोडी कापून येईल, पण येईल. खोकं बांधलं कोणी? यादी केली कोणी? ज्याचे पैसे कापले त्यानेच. मेलेली गोळी दोनदा विकलीत, शेठ, आणि पॅकिंगची मजुरीही दिली नाहीत.

सल्ला देणं पुरे झालं.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नुकसान पगारातून कापायचं असेल तर माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला लागतो, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं लागतं आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ऐकलंत? पुडीवर एक शब्द खरडलात, 'एक्सपायरी', आणि वर न बघता पुडी पुढे सरकवलीत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत हवा, तुम्ही पंधराला देता. सोडून जाणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो, तुम्ही मागचे पंधरा दिवस दाबून ठेवता आणि त्याला दहा खेपा घालायला लावता. स्वतःच्याच पगारासाठी दहा खेपा. लाज वाटत नाही?

मार्जिन कमी आहे हे खरं आहे. ऑनलाइनवाल्यांनी मारलंय, समोर साखळीचं दुकान उघडलंय, गाळ्याचं भाडं दर वर्षी चढतंय, सगळं खरं. पण गाळामालकाला तुम्ही 'कामानुसार' भाडं देता का? स्टॉकिस्टचं बिल कापून देता का? विजेचं बिल? तिथे एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. ज्याच्या हातून रोज शे-दीडशे माणसांच्या पोटात काय जाणार हे ठरतं, तेवढ्याचा पगार मात्र कापायचा. बारा तास उभा असलेला, जेवण चार वाजता उभ्यानेच उरकलेला माणूस रात्री पावणेदहाला २५ च्या जागी ७५ काढेल, तेव्हा फ्रेममधला नाशिकचा माणूस उत्तर द्यायला येणार नाही. तुम्हीही "मुलाकडून चूक झाली" असंच सांगाल. तेव्हा बरा तो अचानक कुशल होतो.

'मुलं टिकत नाहीत' म्हणे. १,२०० परत करा. खरेदीची चूक खरेदी करणाऱ्याच्या नावावर लिहा. आणि तो बोर्ड काढून 'कामानुसार' खोडा, तिथे आकडा लिहा. मार्कर ड्रॉवरमध्ये आहे, मागच्या स्कीमबरोबर फुकट आलेला.