चहातलं औषध आणि तिसरा माणूस

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्याबद्दल मायदेशी एक तक्रार कायम ऐकू येते. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली म्हणून हा कायदा आणला, त्यात रुग्णाचे हक्क पानोपानी आहेत आणि रात्र-रात्र जागणाऱ्या घरच्यांना मात्र कोणी विचारलेलं नाही. घरच्यांचे हाल खरेच आहेत. पण हे सगळं पाश्चात्त्यांकडून उचललंय, हे इंग्लंडात राहून पटत नाही, कारण कागदावर आपला कायदा इथल्यापेक्षा पुढचा आहे.

इथल्या १९८३च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टच्या मूळ घडणीत रुग्णाची निर्णयक्षमता हा मुद्दाच नाही. आजार आणि धोका दिसला की पुरे. कलम ३ खाली, म्हणजे उपचारांसाठी सक्तीने, दाखल केलेला माणूस पूर्ण समजून-उमजून ‘गोळी नको’ म्हणाला, तरी पहिले तीन महिने त्याच्या मर्जीविरुद्ध औषध देता येतं. बाहेरच्या डॉक्टरची संमती लागते ती त्यानंतर. आधी लिहून ठेवलेला नकारही, ईसीटीचा (मेंदूला विजेचे झटके देऊन केलेल्या उपचाराचा) अपवाद सोडला तर, बाजूला सारता येतो. २०१८ साली सायमन वेसली यांच्या समितीने रुग्णाच्या शब्दाला जास्त वजन द्या असं सुचवलं, ते यामुळेच. आपल्याकडे कलम ८९ खाली, म्हणजे रुग्णाच्या संमतीविना, दाखल करायचं तर दोघांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासायचं, मुदत ३० दिवसांची, आणि संमती द्यायची क्षमता परत आली का हे दर सात दिवसांनी पाहायचं. साखळी, एकांतकोठडी आणि भूल न देता दिलेली ईसीटी यांवर सरळ बंदी आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडात अडकलेली माणसं जळून गेली, हे विसरून त्या बंदीला ‘परदेशी’ म्हणणं मला निर्लज्जपणाचं वाटतं.

मग इंग्लंडात काय बरं आहे? सक्ती कमी आहे, असं अजिबात नाही. कृष्णवर्णीयांना सक्तीने दाखल करण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. सेनी लुईस या तरुणाला २०१० साली रुग्णालयात अकरा पोलिसांनी दाबून धरलं, त्यात तो गेला. बळाच्या वापराची नोंद बंधनकारक करणारा कायदा व्हायला २०१८ उजाडलं.

बरं आहे ते एवढंच, की इथे मध्ये एक तिसरा माणूस असतो. दोन डॉक्टरांनी शिफारस केली तरी दाखल करण्याचा अर्ज व्यवहारात एक प्रशिक्षित अधिकारी करतो. तो बहुधा सोशल वर्कर असतो. त्याने रुग्णाशी स्वतः बोलायचं, घरी ठेवून भागेल का ते पाहायचं, आणि पटलं नाही तर डॉक्टरांना नाही म्हणायचं. दाखल झाल्यावर रुग्णाला त्याची बाजू मांडणारा मोफत सहायक मिळतो, सक्तीविरुद्ध दाद मागायच्या न्यायाधिकरणापुढे फुकट वकील मिळतो.

आपल्याकडे हा अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे बहुतेकदा भाऊ, बाप किंवा नवरा यांचा. दाखल करण्याचा निर्णय तपासणारं पुनर्विलोकन मंडळ आहे, पण ते मागाहून येतं, आणि अनेक ठिकाणी ती मंडळं बसायलाच वर्षं गेली. शिवाय आपली खरी सक्ती रुग्णालयात घडतच नाही, ती स्वयंपाकघरात घडते. पेशंट येत नाही, तर डॉक्टर नातेवाइकाशीच बोलून मनोविकारावरचं औषध, म्हणजे रिस्पेरिडोनचे थेंब किंवा तोंडात विरघळणारी ओलान्झापिनची गोळी, देतात, आणि ती जेवणातून, चहातून जाते. रिस्पेरिडोनचं द्रावण चहात किंवा कोलात मिसळू नये, असं उत्पादकच सांगतो. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस चालतो. नेमका चहाच बाद, आणि हे घरच्यांना सांगणारं कोणी नसतं. माणसाची मान आखडते, हात थरथरतात, वजन आणि साखर वाढते, कारण मात्र त्याला ठाऊक नसतं. तो त्याच अवस्थेत मोटरसायकल चालवतो. शिवाय बरं वाटू लागलं तरी ते औषधामुळे, हे त्याला कळायची सोयच नाही. आणि एक दिवस कपाच्या तळाशी काही दिसलं, की ‘माझ्यावर विषप्रयोग होतोय’ हा त्याचा संशय खरा ठरतो.

इथेही लपवून औषध देतात, पण निर्णयक्षमता नसलेल्यालाच. आधी बैठक, औषध कशात मिसळलं तर चालेल हे फार्मासिस्टला विचारणं, लेखी नोंद, ठरावीक काळाने फेरतपासणी.

घरी सोडल्यावरही उपचार बंधनकारक करणारा आदेश आपल्याकडेही हवा, असं काहीजण म्हणतात. इंग्लंडात तो २००८पासून आहे. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत आदेश असलेले आणि नसलेले, दोन्ही गटांतले ३६ टक्के रुग्ण वर्षभरात पुन्हा दाखल झाले. तो आणण्यात हशील नाही.

त्यापेक्षा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या सोशल वर्करची सही कलम ८९च्या अर्जावर घ्या, आणि त्याला घरी जाऊ द्या. मनुष्यबळ नाही, हे उत्तर येणारच. पण मानसोपचारतज्ज्ञापेक्षा सोशल वर्कर लवकर घडतो.

तोवर, रुग्ण बरा असताना त्याच्याकडून आगाऊ निर्देश, म्हणजे पुढे आजारी पडल्यावर काय करायचं हे, लिहून घेता येतो. कोणतं औषध मानवतं, कशाने मान आखडते, मुलं कोणाकडे ठेवायची, कोणाला कळवायचं नाही, हे त्यात असावं. पुनर्विलोकन मंडळाकडे त्याची नोंद करायला विसरू नये. आणि पहिल्या ७२ तासांच्या तातडीच्या उपचाराला तो लागू होत नाही, हे त्याला त्याच वेळी स्पष्ट सांगावं.