ऑर्डरी मोजणाऱ्यांनो, यादीत तुमचा नंबर कितवा?

आमच्या वैमानिकांच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच धोशा चालू आहे. आता आशियाचे दिवस, त्यातही भारताचे, आणि आखातात बसलेल्यांनी मुकाट्याने सामान बांधावं. पुरावा म्हणून विमानांच्या ऑर्डरी तोंडावर फेकल्या जातात. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानं मागवली, इंडिगोने त्याच जूनमध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये एका दमात 500, अकासाने जानेवारी 2024 मध्ये 150. एका उत्साही कॅप्टनने या सगळ्याची बेरीज करून तिला बाराने गुणलं आणि एवढे वैमानिक लागणार म्हणून जाहीर केलं. दोघेतिघे "फुगा आहे, फुटेल" म्हणाले, त्यांना देशद्रोही ठरवून झालं. मी काही बोललो नाही, म्हणून मला नाव घेऊन विचारलं गेलं, "काय रे दुबईकर, कधी येतोस?"

आता बोलतो.

इंडिगोची ती 500 विमानं 2030 ते 2035 या काळात यायची आहेत. आज ज्याची मुलगी दहावीत आहे, त्याने तिच्या लग्नाच्या वर्षी येणाऱ्या विमानावर आपली बढती मोजायची? शिवाय वीस वर्षांचे हे गुलाबी अंदाज छापतं कोण? बोइंग आणि एअरबस. वरमाईनेच मुलाच्या गुणांची यादी वाचून दाखवावी, तसा हा प्रकार.

वाढ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. 2024 मध्ये देशांतर्गत प्रवाशांचा आकडा 16 कोटींवर गेला. त्या वर्षी 17 नोव्हेंबरला एका दिवसात पाच लाखांचा टप्पा ओलांडला. (जाऊन परत आलेला माणूस यात दोनदा मोजला जातो, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही.) जवळपास तेवढ्याच लोकसंख्येच्या चीनमध्ये त्याच वर्षी देशी-परदेशी मिळून सुमारे 73 कोटी विमानप्रवास झाले, आणि तेही शहराशहरांत बुलेट ट्रेन असताना. म्हणजे जागा अफाट आहे. ते कळायला मला एक्सेल लागत नाही.

प्रश्न असा आहे की वाढ कुणाची? किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 17 एप्रिल 2019 च्या रात्री, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. त्या काळात एखादं वर्ष सोडलं तर प्रवासी वाढतच होते. बाजार वाढत होता आणि कंपन्या मरत होत्या. मीही अशाच एका बंद पडलेल्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस. कुठली ते सोडा. पगार थकलेले, पीएफचे कागद अडकलेले, आणि मुलाखतीच्या रांगेत माझ्यापुढे माझाच ट्रेनर उभा.

बाहेरच्यांना वाटतं, कॅप्टन म्हणजे कुठेही कॅप्टन. तसं नसतं. लॉगबुकातले तास आपल्याबरोबर येतात, सीनियॉरिटीच्या यादीतला नंबर येत नाही. बेस कुठला, मोठ्या विमानावर कधी, कमांड म्हणजे कॅप्टनपद कधी, दिवाळीत सुट्टी मिळणार की नाही, हे बरंचसं त्या एका नंबरावर ठरतं. कंपनी बुडली की नंबरही बुडाला. कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसलेली माणसं मी नव्या कंपनीत सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसलेली पाहिली आहेत, वयाने धाकट्या कॅप्टनला "सर, चेकलिस्ट?" विचारताना. ते काम ती चोख करतात. पण लेओव्हरला, म्हणजे परगावच्या मुक्कामात, जेवायला खाली उतरत नाहीत.

आणि वर हा नियम. 2017 पासून भारतात कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला म्हणजे सहवैमानिकाला सहा महिन्यांची. कंपनी मात्र एका रात्रीत शटर ओढू शकते. याला कुणी "ग्रोथ स्टोरी" म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

डिसेंबर 2025 तर ताजाच आहे. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेणारा आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणणारा नियम जानेवारी 2024 मध्ये कागदावर आला होता. त्याचा दुसरा टप्पा लागू झाला आणि महिनाभरात देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची, म्हणजे इंडिगोची, हजारो उड्डाणं रद्द झाली. मग त्याच कंपनीला तात्पुरती सूट. टीव्हीवर चर्चा कसली, तर वैमानिक एवढा पगार घेतात आणि वर झोप मागतात! विमानं पाचशे मागवता येतात, पण माणसं आधी भरावी लागतात, हे ऑर्डरी मोजणाऱ्यांच्या गणितात कुठे बसतं?

इथे दुबईत तसं नाही. रोस्टर ठरल्या दिवशी येतं, पगार ठरल्या दिवशी जमा होतो, एजारी, म्हणजे घरभाड्याचा नोंदलेला करार, रिन्यू करताना पोटात गोळा येत नाही. सिमच्या, म्हणजे सिम्युलेटरवरच्या परीक्षेच्या, दिवशी माझं डोकं फक्त सिममध्ये असतं. चाळीस लाखांच्या आतबाहेरच्या या शहराच्या विमानतळावरून 2024 मध्ये 9 कोटी 23 लाख प्रवासी गेले, आणि आता इथल्याच अल मक्तूम या दुसऱ्या विमानतळावर 26 कोटींची तयारी चालू आहे. मुंबईला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. घरच्या ग्रुपवर त्या विमानतळाच्या नावावरून वाद, आमच्या ग्रुपवर स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्याच्या वेळा, कुणाला किती यावरून. दि. बा. पाटलांचं नाव मिळायलाच हवं, माझंही तेच मत आहे. पण उतरायची पाळी येईपर्यंत होल्डिंगमध्ये घिरट्या घालत इंधनाच्या आकड्याकडे बघताना मनात स्लॉटच येतात.

इतकं लिहिल्यावर बॅचमेटचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते मला झोंबतं. "ते नऊ कोटी कोण रे? आपलीच माणसं ना?"

आहेत. रात्री अडीचची मुंबई फ्लाइट. दारात व्हीलचेअरची रांग. एखादी आजी, नातवंडाच्या बारशाला अमेरिकेत जाऊन आलेली, पिशवी कुणाच्या हाती न देणारी. ती मुंबईहून थेट जाऊ शकली असती. दुबईमार्गे गेली आणि माझ्या घराचा हप्ता सुटला. भारताशी झालेल्या करारात दुबईच्या विमान कंपन्यांना भारताच्या फेऱ्यांसाठी आठवड्याला 66 हजारांच्या आसपास जागांचा कोटा आहे, 2014 पासून आकडा तिथेच. इथल्या कंपन्या वाढवून मागतात, दिल्ली नाही म्हणते. दिल्लीचं म्हणणं, आधी आमच्या कंपन्यांना लांबची विमानं घेऊ द्या. मी जेवणाच्या टेबलावर मुक्त बाजाराची तरफदारी करतो, प्रवाशाचं हित वगैरे. बायको म्हणते, प्रवाशाचं की तुझं? तिला कोटा माहीत नाही, मी माहीत आहे.

तेव्हा मी तटस्थ नाही. भारतीय कंपनी अमेरिकेला थेट उडाली की बरं वाटतं, आणि त्याच वेळी माझ्या विमानात किती जागा भरतील याचा हिशेब मनात सुरू होतो. कुठल्या बाजूने टाळी वाजवायची ते कळत नाही. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि 65 नंतर कुणीही मला उडवू देणार नाही. तेव्हा पाठवणी कुठे होणार हे माहीत आहेच. डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, लायसन्स मी एकदाही लॅप्स होऊ दिलेलं नाही. मेडिकलसाठी सुट्टी मोडून मुंबईला जातो, फी भरतो, कान तपासून घेतो. ग्रुपवर हे कधी लिहिलं नाही, कारण मग माझ्या भाषणाला काही अर्थ उरणार नाही.

त्या उत्साही कॅप्टनला मी खासगीत विचारलं, आलो तर कमांड देणार की उजवी सीट, आणि सीनियॉरिटी कुठल्या तारखेपासून धरणार? त्याने पुन्हा ऑर्डर बुकाचा स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हटलं, हे नको, एचआरचं पत्र पाठव. ते आलं तर वाचेन. दोनदा वाचेन.