टॉवर लाइन नकोच, असे म्हणण्यापूर्वी

‘नव्या टॉवर लाइनची गरजच नाही. वाटेत अर्धी वीज वाया जाते, घराघरांवर सौर पॅनेल बसवले की भागते, आणि लाइन हवीच असेल तर ती जमिनीखालून न्यावी,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. ज्यांच्या शेतात मनोरा उभा राहणार आहे, त्यांची बाजू अशा विधानांनी उलट दुबळी होते.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. महाराष्ट्रात पारेषणातील, म्हणजे टॉवर लाइनवरून वीज दूरवर नेतानाची, गळती तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. मोठी गळती होते ती पुढे, घरोघरी वीज पोहोचवणाऱ्या कमी दाबाच्या (व्होल्टेजच्या) वितरणात आणि चोरीत. तेवढीच वीज दुप्पट दाबाने नेली की प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतील गळती एक चतुर्थांशावर येतो. ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्या, म्हणजे टॉवर लाइन, उभारल्या जातात त्या याचसाठी.

सौर पॅनेलचा मुद्दा अर्धा खरा आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावाजवळचे सौर प्रकल्प निश्चितच उपयोगी आहेत. परंतु संध्याकाळची मागणी, कारखाने आणि उंच इमारतींची मुंबई त्यावर चालणार नाही. त्यासाठी चंद्रपूरची औष्णिक, साताऱ्याची पवन आणि राजस्थान-कच्छची सौर वीज दूरवरून आणावीच लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे परिसरातील ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईतल्या लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी तुटवडा विजेचा नव्हता, ती शहरात पोहोचवणाऱ्या मार्गांचा होता. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, वाहिनीला त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून वाहिनीचे काम आधी सुरू झाले नाही, तर तयार वीज प्रकल्पातच अडकून पडते.

भूमिगत वाहिनी दाट वस्तीत योग्यच आहे. मात्र तिचा खर्च अनेक पट असतो, बिघाड शोधायला वेळ लागतो, आणि लांब पल्ल्याच्या एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) केबलची बरीचशी क्षमता ती केबल विद्युतभारित ठेवण्यातच खर्च होते.

शेतकऱ्याची खरी तक्रार या मजकुरात कुठेच नाही. वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही, सातबारा त्याच्याच नावावर राहतो, पण तारांखाली घर बांधता येत नाही की उंच झाड लावता येत नाही. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. ती किंमत रेडीरेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, धरायची की प्रत्यक्ष बाजारभावाने, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. आग्रह धरायचा तो यासाठी.