जाड बुडाचा ग्लास

परवा माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. विषय : वर्गात पाणी सांडून मुलांचा वेळ वाया घालवणे.

चौथीला धारकता आणि घनफळ चालू होतं. भांड्यात किती मावतं ती धारकता, भांडं स्वतः किती जागा अडवतं ते घनफळ. फळ्यावर लिहून दिलं की मुलं मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. साहित्यपेटीतला शंकू पुठ्ठ्याचा, पाणी ओतलं की लगदा. मोजपात्र तेवढं धड होतं. म्हणून फाटकासमोरच्या टपरीवरून चहाचा ग्लास मागवला. टपरीवाले तात्या शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, त्यामुळे ग्लासामागोमाग तेही वर्गात आले.

काठोकाठ भरलेल्या पातेल्यात एका मुलीने रिकामा ग्लास उभा धरून काठापर्यंत दाबला. परातीत सांडलेलं पाणी भरलं १३० मिली. मग तोच ग्लास भरून मोजपात्रात ओतला, तर ८०.

"मग ५० मिली कुठं गेलं?"

"काच!" अख्खा वर्ग ओरडला. मागून एक आवाज आला, "म्याडम, म्हंजी तात्या काचेचं पैसं घेत्यात?"

तात्या उठले. "ए, फुल ग्लास हाय त्यो. याच्यापरास उंच ग्लास गावात कुणाकडं हाय का?"

"उंच आहे हो तात्या, पण बूड बघा ना."

"बूड मजबूतच पायजे. गिऱ्हाइकाला चटका बसत न्हाई."

"आत ऐंशीच मावतंय."

"तुमचं पाणी हाय म्याडम. च्या जास्त मावतो. त्याला दाटपणा असतो."

"आन् कटिंग?" मुलगी मोजपात्र घेऊन तयारच होती.

"कटिंगचा हिशोब येगळा," म्हणत तात्यांनी ग्लास हिसकावला आणि पदराला हात पुसणाऱ्या खिचडीच्या मावशींना साक्षीला बोलावलं. मावशी म्हणाल्या, "माझं पातेलं कधी देताय?"

उंच भांड्यात जास्तच असतं, असं साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांना वाटतं. डीएडला बालमानसशास्त्रातला पियाजे शिकलो तेव्हा हे पाठ केलं होतं. तात्यांनी पन्नाशी ओलांडली आहे.

माझी आजी पायलीच्या काळातली. चार शेरांची पायली शीग लावून द्यायची की वरून हात फिरवून, यावरून तिचं दुकानदाराशी वाजायचं. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, भांडण मिटलं. तर लोकांनी बूड जाड केलं.

प्रशिक्षणात 'कृतीतून शिकवा' म्हणायचं, कृतीचे फोटो मागायचे, साहित्याचा खर्च आमच्या पगारातून, आणि खरीच कृती झाली की खुलासा! त्याच तासाला पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटरच्या घनाला आतून प्लॅस्टिकची पिशवी लावून त्यात बरोबर १ लिटर मावतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याबद्दल कुणी पत्र काढलं नाही.

खुलाशात मी लिहिलं, "सांडलेले पाणी १३० मिली. त्यातले ५० मिली काचेचे." हेडसर म्हणाले, "मॅडम, दुसरं वाक्य काढा. परवा समितीची बैठक आहे, चहा त्यांच्याकडूनच येतो."

बिल फुल ग्लासाचंच लागतं.